जुईचं ठरलंय

इंदूर, ९ मार्च २०२५

ती. स्व. वसुधाआत्यास जुईचा सा. न.

फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, म्हणून हे पत्र. लोणच्याची बरणी पोचली. निम्मी घरमालकीणबाईंनीच फस्त केली.

आत्या, एक काम आहे. परीक्षितशी माझं नोव्हेंबरात मोडलं, पण भांडून नव्हे. पाच वर्षं अशी पुसता येत नाहीत, म्हणून दर रविवारी खुशाली कळवायची असं आमचं ठरलं होतं. जानेवारी संपल्यापासून त्याचा मेसेज नाही, नंबरही बंद. माझं काय चुकलं तेच कळत नाही. त्याचे आईबाबा तुझ्या मागच्याच ओळीत, सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. सहज म्हणून जाऊन ये. तो माझ्यावर रागावलाय का, एवढंच कळू दे.

लोभ आहेच, या कामापुरता थोडा जास्त असू दे.

तुझी, जुई

तुलसी नगर, भोपाळ, १६ मार्च

चि. जुईस अ. उ. आ.

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. आता लिहितेच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची आई, विमलताई, आली होती. वीस बायकांसमोर तिने तुझी चौकशी केली. मला वाटलं, कीव करतेय. माझं डोकंच फिरलं. आमची मुलगी काय वाटेवर पडलीय? मी ठोकून दिलं, जुईचं ठरलंय, मुलगा ग्वाल्हेरचा, लग्न वैशाखात. तिने तुझ्यासाठी वेगळा तिळगूळ दिला, तोही मी निर्लज्जपणे घेतला. तेव्हापासून मी त्या ओळीने जातसुद्धा नाही.

तुझी बाजू राखायला गेले गं. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी, आत्या

इंदूर, २१ मार्च

आत्या, सा. न. (सवयीने लिहिला.)

विमलकाकू कीव करत नव्हत्या, त्यांचा माझ्यावर जीव होता. तुला कधी दिसलंच नाही.

इकडे मी दर रविवारी त्याला लिहीत होते की मी एकटीच बरी आहे, आणि तिकडे त्याला कळलं की माझं लग्न ठरलंय. तो मला काय समजला असेल! मला तो परत नकोय, खरंच नकोय. पण त्याने मला खोटारडी समजावं, हे मला सोसवत नाही. पत्र वाचलंस की जा आणि खोटं तूच बोललीस, हे काकूंना तुझ्या तोंडून सांग.

लोभाचं नंतर बघू.

जुई

तुलसी नगर, भोपाळ, २७ मार्च

चि. जुईस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तशीच निघाले. दाराला कुलूप. त्याचे बाबा फेब्रुवारीअखेर रिटायर झाले. मागच्या गुरुवारी सामानाचा ट्रकही गेला. तुला सगळं लिहिलं त्याच दिवशी गेले असते तर गाठ पडली असती. माझे पायच उचलले नाहीत.

त्यांच्या शेजारच्या सुचेताताईंनी बोलावून घेतलं. तो रागावलेला नव्हता गं. आपल्या मेसेजमुळे जुईला सासरी कुणी बोल लावू नये, म्हणून त्याने नंबरच बदलला, असं विमलताई त्यांना सांगत होती. तिचाही फोन आता लागत नाही. मंडळात सगळ्यांना विचारलं, जुन्या नंबरापलीकडे कुणाकडे काही नाही.

सुचेताताईंनी माझ्या हातात एक पुडा दिला. तुझ्या लग्नाचा आहेर आहे, जांभळी महेश्वरी साडी, परीक्षितने स्वतः निवडलेली. त्यांनी नवा पत्ता मागितला, तर विमलताईने दिला नाही. परतीचा आहेर नको, म्हणाली, मुलगी सुखात राहो.

लोभ मागायला तोंड नाही. साडीचं काय करू, तेवढं कळव.

तुझी, आत्या