भूमिकाला पाठ असलेले बारा शब्द

बऱ्हाणपूर,
१३ जुलै २०२५

प्रिय सागरभाऊजी,

इंदूरला सगळे बरे असाल. शीतलच्या पाठीचं दुखणं कमी झालं का? इकडे आईंचा गुडघा तसाच आहे, पण सकाळी मारुतीपर्यंत चालून येतात. तुमच्या दादांच्या पेन्शनचे कागद मंजूर झाले. पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू होतील असं त्यांच्या शाळेतले बाबू म्हणाले. त्या कागदांसाठी तुम्ही चार खेपा केल्या, ते मी विसरलेले नाही.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलताना आई शेजारीच बसलेल्या असतात. आणि मला थांबून, नीट आठवून सांगायचं आहे.

भूमिका सातवीत गेली. मागच्या सोमवारी तिच्या वर्गाच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. कविता म्हणायला उभी केली की पोरगी थरथरते, एक ओळ तोंडातून निघत नाही. गेल्या वर्षापर्यंत हीच सगळ्यांच्या पुढे असायची. मॅडम म्हणाल्या, वडील गेल्याचं मनाला लागलं असेल. मलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर विचारलं. तर म्हणाली, "मम्मी, माझ्या ध्यानात काही राहत नाही. माझ्यामुळेच पप्पांचे पैसे गेले."

तुमच्या दादांचा तो क्रिप्टोचा नाद तुम्हाला माहीत आहे. मी त्याला खेळच म्हणायचे. लेकीला लहानपणापासून पैसा कळला पाहिजे म्हणून ते दर रविवारी तिला पन्नास रुपये द्यायचे. मावा जिलेबी खा, नाहीतर कॉइनमध्ये टाक, तुझं तू ठरव. एकदा भाव खूप पडला तेव्हा ती जेवेना. तर हे तिला केळीच्या लिलावाला घेऊन गेले आणि एका सकाळीत भाव कसा उतरतो ते दाखवून आणलं. स्वतःच्या ट्यूशनचे पैसेही त्यातच टाकायचे, तिच्या कॉलेजसाठी. किती, ते मी कधी विचारलं नाही.

त्या मोबाइलमधल्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याला ते शब्द माहीत, त्याचे पैसे. ते कुठेच लिहायचे नाहीत असं ठरवून त्यांनी भूमिकाकडून पाठ करून घेतले होते, जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक शब्द म्हणवून. "पप्पांनी सांगितलं होतं, कोणालाच सांगायचं नाही. मम्मीला पण नाही."

हे ऐकलं आणि मी तिला मारलं, भाऊजी. जूनमध्ये तिच्या फीसाठी मी बांगडी मोडली, आणि हे सगळं माहीत असून पोरगी गप्प बसली, एवढंच मला त्या वेळी दिसलं.

गालावर हात धरून ती म्हणाली, "मी काकांना सांगितले होते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवर. काका बोलले, पप्पांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं की भूमिकाला विचार. मग त्यांनी पप्पांच्या मोबाइलमध्ये टाकून पाहिले. बोलले, पाकीट उघडत नाही, तू एखादा शब्द भूलली. मम्मीला नको सांगू, तिला आणखी दुःख होईल."

तेव्हाही मला तुमचा संशय आला नाही. खरंच नाही. वाटलं, बाप गेल्याच्या धक्क्यात पोर विसरली असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तिने ते पाकिटाचं ॲप घेतलं आणि घाबरत घाबरत बारा शब्द टाकले. पहिल्याच वेळी उघडलं.

आत शून्य होतं. खाली तीन वर्षांत टाकलेल्या बारीकसारीक रकमा दिसत होत्या, आणि सगळ्यात वर एकच ओळ. होतं नव्हतं ते सगळं बाहेर पाठवलेलं. भूमिकाने हिशोब करून सांगितलं, दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास. तारीख २२ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्या दुपारी चारचा चहा मीच गच्चीवर आणून दिला होता. तुम्ही भूमिकाच्या डोक्यावरून हात फिरवत होतात. मला बरं वाटलं होतं, की हिला आता काका तरी आहे.

भूमिका पैशाकडे बघतच नव्हती. "मम्मी, मी भूलली नव्हती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने तारीख वाचली. "मग काका असं का बोलले?"

दोन दिवस मीच तुमच्या वतीने कारणं शोधत राहिले. शीतलचं आजारपण असेल, दुकानाचं भाडं थकलं असेल. तुम्ही मागितले असते तर मी दिले असते का? बहुतेक नसते दिले, तेही खरं लिहिते. राग मला तुमच्या दादांचाही आला. बारा वर्षांच्या पोरीला पैसा शिकवला आणि तिच्या आईपासून लपवायलाही शिकवलं. पण तो राग आता कोणावर काढू?

शुक्रवारी मी तिला सरळ सांगितलं, की पैसे काकांनी घेतले. ती रडली नाही. फक्त विचारलं, "काका आले तर पाया पडायचं की नाही?"

पैशाचं आपण नंतर बोलू, आणि बोलणारच आहोत. ती नोंद मी छापून ठेवली आहे. पण पाच महिने माझी लेक स्वतःला दोषी धरून शाळेत मान खाली घालून बसली, आणि दर रविवारी फोनवर तुम्ही तिला विचारत होतात, "अभ्यास कसा चाललाय बेटा?" ते माझ्याच्याने गिळवत नाही.

येत्या रविवारी या. एकटे या. शीतलला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आईंना मी अजून काही बोललेले नाही. भूमिकासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा, की ती चुकली नव्हती. नाही आलात, तर सोमवारी मी तो छापलेला कागद आईंना दाखवीन आणि तिथून पोलीस ठाण्यात जाईन.

पत्राखाली 'तुमची वहिनी' असं लिहायला घेतलं होतं. हात वळला नाही.

प्रतिभा