चुलीपाशी बसवायचं माणूस

बाबा,

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा लिहितोय, ते भीती वाटतेय म्हणून. इथं बंगळूरला दुपारचे चार वाजलेत. मी एका म्हाताऱ्या साहेबांजवळ राहतो. त्यांना उठवणं, आंघोळ, औषधं, सगळं माझ्याकडं. पुण्याची कंपनी सोडली, हैदराबादचं हॉटेल सोडलं, माझं बूड कुठं टेकलं नाही. इथं मात्र दोन वर्षं टिकलो. साहेबांची नजर गेलीय. मुलगी कॅनडात असते. ती दर रविवारी मोबाइलवर इंग्रजीत लांबलचक मेसेज पाठवते आणि मी तो अडखळत त्यांच्या कानाशी वाचतो. मी नववीत शाळा सोडलेला, पण मेसेजच्या तळाचा शब्द मला कधी अडत नाही, कारण तो तुमच्या दुकानातला असतो.

गुलमंडीतलं ते कार्डांचं दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. शेठ गल्ल्यावर, तुम्ही फळ्यांपाशी. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कार्डाच्या तळाशी छापलेले चार-पाच शब्द तेवढे तुम्ही चित्रासारखे ओळखायचात. गिऱ्हाईक येतं, तुम्ही वाढदिवस आहे का लग्न असं विचारत नाही. तुम्ही विचारता, "ज्याला द्यायचं ते माणूस घरी आलं तर बसवता कुठं?" ओट्यावर म्हटलं, की रिगार्ड्सचं कार्ड. आतल्या खोलीत पलंगावर, तर अफेक्शनचं. चुलीपाशी म्हटलं तरच तुमचा हात वरच्या फळीकडं जातो, तिथं लव्हची कार्डं. आणि सुरुवातीचं डिअर सगळ्यांनाच असतं, ते नुसतं 'या' म्हटल्यासारखं, त्याच्यावर जाऊ नका, हे तुम्ही वर सांगायचात. एकदा कॉलेजातल्या एका पोरीनं हसत विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी. तुम्ही कार्डावरची धूळ पुसत म्हणालात, "शिकवायला काय, ताई. मला लोकांनी लई वर्सं ओट्यावरच बसवलंय." तिनं मग कार्ड घेतलं.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्ली. शाळा सोडून नुकताच तुमच्या हाताखाली आलो होतो. तुम्ही मागं जेवायला बसलेले, आणि एक कारकून आला, त्याच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. मी त्याला वरच्या फळीवरचं गुलाबाचं कार्ड दिलं. दिसायला तेच भारी होतं. तुम्हाला कळलं तसे तुम्ही अर्धी भाकर टाकून त्याच्या मागं औरंगपुऱ्यापर्यंत पळालात आणि कार्ड बदलून आणलंत. धापा टाकत म्हणालात, "येड्या, तो उद्या साहेबाच्या मांडीवर जाऊन बसला असता." शेठ हसले, मीही हसलो. तेव्हा तुम्ही माझा कान धरलात. "ज्याचं घर हाय त्यानं बोलवायचं असतं. आपण परस्पर कुणाला चुलीपाशी नेऊन बसवायचं नाय. ध्यानात ठेव."

हे सगळं मी इथल्या साहेबांना सांगितलंय. त्या दिवशी ते इतके हसले की चहा अंगावर सांडला. तेव्हापासून दर रविवारी मेसेज संपला की ते विचारतात, "बेटी ने कहाँ बिठाया?" मी सांगतो, व्हरांडा. कारण खाली रिगार्ड्सच असतं. दोन वर्षं झाली, व्हरांडाच. ते मान हलवतात आणि म्हणतात, "अच्छा है, हवा आती है."

चार दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. सकाळी डॉक्टर आले, मला बाहेर नेऊन म्हणाले, मुलीला लवकर बोलवा. ऐकू अजून येतंय, बोलत राहा. मी फोन केला. ती निघालीय, उद्या दुपारी पोचेल. विमानात बसण्याआधी तिनं मेसेज पाठवला. पप्पा, मी येतेय, थांबा, असं चांगलं लिहिलंय. आणि तळाशी रिगार्ड्स. ऑफिसात सारखं लिहून बोटांना लागलेली सवय असेल, मी तिला बोल लावत नाही. मी मोबाइल त्यांच्या उशीवर टेकवून वाचला. संपलं तसे त्यांचे ओठ हलले. "कहाँ?"

मी मोबाइलकडं बघितलं. मग म्हणालो, किचन.

त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. "चूल्हे के पास?"

"जी. एकदम पास."

त्यांनी माझं बोट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आता डोळे मिटलेत. श्वास मधेच थांबतो, मग पुन्हा येतो. तो थांबला की मी लिहायचं थांबवतो. उद्यापर्यंत हे टिकतील का, ही एक भीती. टिकले आणि त्यांनी तिच्यापुढं किचनचं नाव काढलं, तर ती मेसेज काढून दाखवील आणि विचारील, तू काय वाचलंस? माझं काम जाईल, जाऊ दे. पण घर तिचं होतं, बाबा, आणि मी परस्पर नेऊन बसवलं. तुम्ही पळत जाऊन कार्ड बदलून आणलंत. मी कुठं पळू? आणि खरं सांगतो, मला ते परत आणायचंही नाही.

तुमच्या वेळी मी पुण्याहून सरकारी दवाखान्यात आलो. तुमच्या नाकाला नळी होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून 'बरंय ना' म्हणालो, ओट्यावरनं हाक मारल्यासारखं. मग चहाला खाली गेलो. वर आलो तर आईनं तोंडाला पदर लावलेला. आईला, काकाला, सगळ्यांना मी हेच सांगत आलोय, की चहा प्यायला गेलो आणि तेवढ्यात झालं.

हे साहेबांच्या औषधांच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय. मुलगी यायच्या आत हे पान मी फाडणार आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. चहा कधीच संपला होता, बाबा. मी रिकामा कप धरून जिन्याखाली उभा होतो. वर यायची भीती वाटत होती.