तहकूब नव्हे, प्रोरोग

प्रिय ताई,

तुझा हात आता कसा आहे, हे विचारायला हवं. पण ते विचारण्याचा अधिकार मला उरला आहे का, याचीच शंका वाटते.

छापखान्याच्या तक्रार-समितीचे अध्यक्ष गेल्या महिन्यात माझ्या टेबलापाशी आले. एरवी पाहूनही न पाहिल्यासारखं करणारे हे गृहस्थ चक्क खुर्ची ओढून बसले. "काय गं हुशार मुली, वकिलांच्या या इंग्रजीचं मराठी तूच कर. आमचा कारकून बट्ट्याबोळ करील." कारकूनकाका वीस वर्षं हेच काम बिनचूक करत आले आहेत. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

मूळ कागदावर समितीचं सत्र 'प्रोरोग' केल्याचं लिहिलं होतं. मी अडखळले. "एवढं काय त्यात? बैठक तहकूब, असं लिही. फळ्यावर लावायचंय, परीक्षेचा पेपर नाही!" मराठी माध्यमातून पहिल्या आलेल्या मुलीला इंग्रजी शब्दापुढे गप्प बसवणं किती सोपं असतं. मी 'तहकूब' लिहिलं. मूळ कागद त्यांनी लगोलग खिशात का घातला, आणि माझ्या अक्षरातली प्रत तुझ्या घरी आवर्जून का पाठवली, हे प्रश्न मात्र मला झोपू देईनात.

अखेर काल ग्रंथालयात कायदेकोश उघडला. तहकूब बैठक पुन्हा भरते आणि काम राहिलं तिथून पुढे चालतं. प्रोरोग केलं की सत्रच संपतं. आणि समितीच्या नियमांनुसार संपलेल्या सत्रातले अनिर्णित अर्ज रद्द होतात. अनिर्णित अर्ज एकच होता, ताई. कागद कापायच्या यंत्राची संरक्षक जाळी तुटलेली असताना तुला तिथे उभं केल्याचा.

कारकूनकाकांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मी 'सत्रसमाप्ती' लिहिलं असतं. म्हणूनच तर मला वगळलं. तुझं अक्षर पाहिल्यावर तुझी बहीण कशाला शंका घेईल?"

पुढची बैठक कधी, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा 'धीर धर' म्हटलं. आता धीर धरू नकोस. शुक्रवारी अपघाताला सहा महिने होतात. त्यानंतर नवा अर्ज घेत नाहीत. तो लिहून सोबत पाठवते आहे. डाव्या हाताची सही चालते, नियम पाहिला आहे. पण त्याआधी ओळ न् ओळ वाच, भावोजींनाही वाचायला दे. माझं अक्षर आहे म्हणून विसंबू नकोस. अध्यक्षांनी मला काय लिहायला लावलं, याचा माझ्या सहीचा जबाब मी अर्जाला जोडला आहे. सोमवारी माझं टेबल जागेवर असेल की नाही, कोण जाणे.

तुझीच,
अजूनही धाकटी म्हणशील या आशेवर असलेली