खिडकीजवळच्या टेबलावरचं सूप

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांना सांग, कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणजे मी वाया गेलो असं नाही. साप्ताहिकात दर शनिवारी पाव पान माझं असतं. हॉटेलात जायचं, खायचं, आणि जेवण कसं, वाढणं कसं ते लिहायचं. खाली नाव नाही. संपादकांचा नियम एकच: एका ठिकाणी तीन वेगवेगळ्या दिवशी खाल्ल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही.

आता मुद्द्याचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात काउंटरवर जी बसते, तिच्याबद्दल तुला मागे पानंच्या पानं लिहिलीत. सोमवारी मी नेहमीसारखा एक कॉफी घेऊन तिच्यासमोर बसलो होतो. बसलो असेन दोन तास! तर मालक, तो चष्मेवाला, भर गर्दीत माझ्या डोक्याशी येऊन म्हणाला, की टेबलं जेवणाऱ्यांसाठी असतात, उसासे टाकणाऱ्यांसाठी बागेत बाकं आहेत. सगळं हॉटेल हसलं. ताई, तीही हसली.

तिला मी माफ केलं. त्याला नाही. त्याचं हॉटेल ओस पाडलं नाही तर बघच.

बाळाला पापा. माझा पारा बघून तुझा लोभ उतरू देऊ नकोस.

तुझा,
तोफ


९ मार्च

चि. तोफेस,
अ. उ. आ.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, स्वतःची पुस्तकं मिटून पोरगा आता दुसऱ्यांच्या ताटात डोकावतो. हसत म्हणाले असं समजू नकोस.

एका कॉफीवर दोन तास? अरे, लग्नाआधी सहा वर्षं मी हॉटेलात ट्रे उचललेत. तुझ्यासारखे आमच्याही वाट्याला यायचे. त्यांना आम्ही आपसात फर्निचर म्हणायचो. ती हसली असेल तर सुटका झाली म्हणून हसली असेल.

राग कर, मी कोण अडवणार? पण लिहिताना खोटं लिहू नकोस. टीका छापून आली की मालक आरशात बघत नाही, हाताखालच्या माणसांकडे बघतो. हे मी सोसलंय म्हणून सांगते.

वेळेवर जेव, आणि जेवताना ताटाकडे बघ. माया आहेच.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज छापून आलं! कात्रण जोडलंय, पण इथेही वाच: ‘बुधवारी दुपारी एक वाजता खिडकीजवळच्या टेबलावर आमच्यापुढे आलेलं टोमॅटोचं सूप इतकं गार होतं, की ते शेगडीवरून आलं की नळातून, असा प्रश्न पडावा. आणि वाढणं म्हणाल, तर उपकार केल्यासारखं.’ कशी आहेत वाक्यं?

तीनदा कुठला जातोय, एकदाच गेलो. आणि तुला म्हणून सांगतो, सूप आलं तेव्हा त्यातून वाफा निघत होत्या. पण नशीब बघ, वाढपी रजेवर होता, म्हणून काउंटर सोडून तीच ट्रे घेऊन आली. मग मी कसला खातोय! ती जागेवर जाऊन बसेपर्यंत बघत होतो, आणि बसल्यावरही बघत होतो. चमचा घातला तेव्हा सूप गार. मग खोटं काय लिहिलं?

दुपारी समोरच्या फुटपाथवर उभा राहून मोजलं. अर्धी टेबलं रिकामी! मधे खांब येतो, त्यामुळे काउंटर काही दिसत नाही, पण चष्मेवाला दारात येऊन रस्त्याकडे बघत होता. काळजाला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता तरी शाबासकी दे. लोभ दुप्पट केलास तरी चालेल.

तुझा,
तोफ


२५ मार्च

चि. तोफेस,
अ. उ. आ.

गाढवा, वार छापलास, वेळ छापलीस, टेबल छापलंस! ऑर्डरच्या प्रत्येक चिठ्ठीवर टेबलाचा नंबर, वेळ आणि वाढणाऱ्याची सही असते. चिठ्ठ्या महिनाभर खिळ्याला टोचून ठेवतात. त्या माणसाला बुधवारची एक चिठ्ठी तेवढी काढायची होती.

हातातलं टाक आणि काउंटरवर कोण बसलंय ते आत जाऊन बघून ये. बाकीचं नंतर.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काउंटरवर चष्मेवाल्याचा पुतण्या बसलाय. भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या दाराशी भेटल्या. म्हणाल्या, रविवारी सकाळीच त्यानं चिठ्ठी काढली, सगळ्यांसमोर तिला स्वतःची सही वाचायला लावली आणि घरी पाठवलं. सूप गरम होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती म्हणे. आई अंथरुणाला खिळलेली, घरात कमावणारी ही एकटीच.

चष्मेवाल्याला आता सोडत नाही. निरपराध मुलीला घालवलं, हेच दहा तारखेच्या अंकात छापतो. त्याच्या दारावर कुलूप बघितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

रागावली असशील. तरी उत्तर दे.

तोफ


३ एप्रिल

चि. तोफेस,
अ. उ. आ.

असलं काही छापलंस तर तिची परतीची वाट कायमची बंद. त्यानं तिला काढलं ते तुझ्या वाक्यावर विश्वास ठेवून. तुझा सगळ्यात भाबडा वाचक तोच निघाला.

ते वाक्य खोटं होतं, एवढंच छाप. खाली नाव घालून. चष्मेवाल्याला एकही टोमणा नको. एक जरी निसटला तरी तो त्याचा राग तिच्यावरच काढेल. आपली माणसं आपल्या रागापेक्षा मोठी असतात की नाही, ते आता दिसेलच.

जमलं तरच पत्र पाठव. वाट बघते.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं. संपादकांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. किती वेळा खाल्लं होतंस, एवढंच विचारलं आणि माझी जागा दुसऱ्याला दिली. जाता जाता शेवटचं पाव पान मात्र दिलं. काल छापून आलं. खाली माझं नाव, आडनावासकट.

लिहायला तीन दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं त्यात एक टोमणा राहिला होता. तो वाचून मला इतकं बरं वाटलं, की तेव्हाच कळलं, हा खोडायला हवा. मग लिहिलं, की सूप गरम होतं, वेळेवर आलं, आदरानं ठेवलं गेलं. ते गार होईपर्यंत मीच त्याला हात लावला नाही. मालक स्वतः दारात उभा राहून गिऱ्हाइकाची वाट बघतो, तेही लिहिलं. चांगल्या अर्थानं!

त्यानं कात्रण काचेवर चिकटवलंय. दुपारी बाहेर रांग होती. मी दिसलो तर आत घेऊ नका, असं वाढप्यांना बजावलंय म्हणे. आणि ती आज परत काउंटरवर आली. मी गेलो नव्हतो, मावशी सांगत होत्या. त्यांच्याकडे तिनं माझ्यासाठी निरोपही दिला: भेट नको, चिठ्ठी नको, माफीही नको.

ताई, राग कणभर कमी झालेला नाही. चष्मेवाल्याचं नाव निघालं की अजून कानशिलं तापतात. ज्याचं हॉटेल ओस पाडायला निघालो, ते मीच भरून दिलं. आणि त्या माणसाची तारीफ मी रात्रंदिवस घासूनपुसून लिहिली, कुणी स्वतःच्या लग्नाची पत्रिका लिहिणार नाही इतक्या जपून. एक वाक्य ढिलं पडलं असतं तर तिची खुर्ची कायमची गेली असती.

बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस. थोडा लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा,
तोफ