उचलून ठेवलेलं छप्पर

मंगला गौरी, वाराणसी
२२ मे

चि. सुमंत यास पद्माताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे कान अधू झाल्यापासून फोन बंद आणि पत्रं सुरू, हे मला आवडू लागलंय. फोनवरही तू माझं अर्धंच ऐकायचास.

परवा दुपारी चारला मोठी आंधी आली. दहा मिनिटं पलीकडच्या काठावरचं रामनगर सोड, समोरची गंगाही दिसेना. घाटावरच्या छत्र्या उडाल्या. आमच्याकडे मात्र वाळत घातलेली माझी हिरवी साडी तेवढी गेली. गच्चीवरच्या खोलीचा पत्रा जिथल्या तिथे आहे. विश्वजीतनं आतून पाहिलं, शेजारच्या गच्चीवरूनही पाहिलं. साधा पोचाही नाही.

काळजी सुनेची आहे. देवश्री तेव्हा तीन महिन्यांच्या बकुळला घेऊन त्याच खोलीत होती. ती म्हणते, छप्पर वर उठलं, आभाळ दिसलं आणि छप्पर पुन्हा खाली बसलं. मी म्हटलं, बाळंतिणीला झोप कुठली, डोळा लागला असेल. विश्वजीत हसला. त्यानंतर ती त्याबद्दल बोललेली नाही, पण धड जेवत नाही आणि खोलीत गेली की वर बघत बसते. वैद्यांना दाखवू का? खाली जागा नाही, म्हणून तिघं झोपायला वरच जातात.

प्रकृतीला जप, आणि ताईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
पद्माताई


सांगली
२७ मे

ती. ताईस सुमंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं. देवश्री आणि बकुळला आजच्या आज खाली आणा, अशी एक ओळ विश्वजीतच्या मोबाइलवर टाकली आहे. कारण इथे लिहितो.

वैद्य नको, मिस्त्री बोलाव. माझी पस्तीस वर्षं कारखान्यांच्या शेड उभारण्यात गेली. दार उघडं असलं की वारा आत शिरून पत्र्याला खालून रेटतो आणि वरचा वारा त्याला ओढतो. मग सांगाड्यासकट छप्पर उठतं. बहुतेक वेळा ते उडूनच जातं. पण त्याच क्षणी वारा पडला, तर ते परत बसूही शकतं. असं घडलेलं मी ऐकलंय, पाहिलं कधीच नाही. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. सांगाडा भिंतीवर ज्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतो, तिथला एकेक बोल्ट हातानं हलवून बघायला सांग.

आणि देवश्रीला विचार, तेव्हा कानांत दडे बसले होते का. बसले असतील तर ती झोपेत नव्हती. तिला नेमकं काय दिसलं, ते तिनंच मला लिहावं. तू जन्मभर भूगोल शिकवलास, तरी वाऱ्यावर एवढा भरवसा कसा ठेवलास?

रागावू नकोस, आणि माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
सुमंत


वाराणसी
३ जून

चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद.

तुझी ओळ आली त्याच संध्याकाळी विश्वजीतनं अंथरुणं खाली आणली. मी कानांचं विचारलं, तेव्हा देवश्री माझ्याकडे बघतच राहिली. दोन्ही कान गच्च झाले होते म्हणाली, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

काल सकाळी रामनगरचे विश्वेश्वर मिस्त्री शिडी लावून चढले. पाना लावायची वेळच आली नाही. दोन बोटांनी धरला तर पहिला बोल्ट उपसून हातात आला, भिंतीच्या आत तुटलेला. आठच्या आठ तसेच निघाले. छप्पर नुसतं आपल्या वजनावर टेकलेलं होतं आणि त्याखाली माझी नात आठ दिवस झोपत होती. पूर्वेकडची पट्टी उचलली, तर तिच्या आणि विटेच्या मध्ये माझ्या हिरव्या साडीचा फाटून राहिलेला वीतभर पदर सापडला, इस्त्री केल्यासारखा चपटा. तिथे एरवी दोरासुद्धा जायचा नाही.

मिस्त्री मग म्हणाले, उडालेली छपरं त्यांनी पुष्कळ पाहिली, परत आलेलं हे पहिलंच. तो सांगाडा उतरवायला सहा माणसं आणि दोरखंड लागले. वाऱ्यानं तो उचलला, आणि बाळाच्या अंगावर एक खिळाही न पाडता परत ठेवला. मी रिकाम्या भिंतींकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग खाली येऊन देवश्रीला सांगितलं, की तू खरं बोललीस आणि मी ऐकलं नाही. ती बकुळला माझ्या मांडीवर ठेवून न्हायला गेली आणि बऱ्याच वेळानं आली. काल ती पोटभर जेवली.

तुझ्या हुशारीला दृष्ट न लागो. पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी
पद्माताई


वाराणसी
१२ जून

ती. मामांस देवश्रीचा साष्टांग नमस्कार.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, हिंदी आलं तर चालवून घ्या. नवं छप्पर काल बसलं. विश्वजीतनं प्रत्येक बोल्ट स्वतः कसून पाहिला.

तुम्ही नेमकं विचारलंत म्हणून सांगते. पहिले खूप आवाज होता, मग एकदम काहीच नाही. भिंत आणि पत्र्याच्या मध्ये चारही बाजूंनी उजेड आला, हातभर रुंद. बाहेर आभाळ पिवळं होतं. एका बाजूनं एक कबूतर आत आलं, आमच्या खाटेवरून गेलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं. मग छप्पर हळूच खाली आलं. हे मी घरात अजून सांगितलं नाही. छपराचं कुणी मानलं नव्हतं, तर कबूतराचं कोण मानणार?

आणखी एक. बकुळ रडली नाही. डोळे मोठे करून वर बघत होती. मी तिला झटकन छातीशी धरायला हवं होतं, पण नाही धरलं. मीही बघत राहिले. मला घबराहट झालीच नाही, मामा. इतकं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं. भीती नंतर आली, आणि ती जास्त याचीच होती, की मी आई असून बघत राहिले. तुम्ही न बघता खरं मानलंत, म्हणून हे तुम्हालाच लिहिलं.

मामींना नमस्कार. आम्हा दोघींवर असंच लक्ष असू द्या.

आपली
देवश्री