तिसऱ्या अंकातली थप्पड

२ नोव्हेंबर
चिचगडच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात यंदाही खलनायक मीच. तिसऱ्या अंकात हिरोइन, म्हणजे दिव्या, मला थप्पड मारते. आज तालमीत दिव्याचा हात गालाला नुसता लागला आणि उजव्या जबड्यात असा करंट बसला की मी बोंबललो. डायरेक्टर टेकचंद म्हणाला, भाऊ, असंच पाहिजे. दाढ किडली असणार. देवरीला जाऊन काढून टाकतो. विषय संपला.

४ नोव्हेंबर
दाढ काढली. विषय संपला.

५ नोव्हेंबर, सकाळी ७
चूळ भरताना पुन्हा करंट. तांब्या भिंतीवर फेकला, पोपडा निघाला. शेजारची दाढ असणार. प्रेमिला म्हणते, चांगले दात कायले काढून राह्यले? बायकोला मेडिकलमधलं काय कळतं.

८ नोव्हेंबर
दुसरीही काढायला लावली. तीही धडधाकट निघाली. डेंटिस्टची कॉलर धरली, दोन बटणं तुटली. तो म्हणाला, मी आधीच सांगत होतो, दुखणं दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. आधी म्हणजे कधी, मला तर ऐकू आलं नाही.

११ नोव्हेंबर
गोंदियाचा डॉक्टर. फिटवर देतात तीच गोळी दिली. मनानं बंद करायची नाही म्हणे. गोळीनं भागलं नाही तर नागपूरला गालातून सुई घालून नस बधिर करतात, किंवा कवटी उघडून नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करतात. कवटी म्हणजे काय टिफिन आहे?

१५ नोव्हेंबर
दुखणं गायब. पण सारखी झोप येते. आज थप्पड बसली आणि मी जांभई दिली. सगळे हसले. टेकचंद म्हणाला, भाऊ, तुमच्यात आता दम नाही राह्यला. कलेसाठी गोळी बंद. विल पॉवर वापरणार.

१७ नोव्हेंबर
जेवताना कळ. ताट अंगणात. प्रेमिला पदरानं तोंड पुसायला आली, तिचा हात जरा झटकला. उद्यापासून राग पूर्ण बंद.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९
राग बंद.
९.१०. खुर्ची मोडली. जुनीच होती.

२० नोव्हेंबर
तालमीत थप्पड बसली. पुढचं नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा हिरो दुर्गेश खाली पडलेला, नाकातून रक्त, आणि माझी मूठ दुखत होती. दिव्या बाहेर पळाली होती. माझं काम टेकचंदनं पतिरामला दिलं. बरं झालं, मी सोडणारच होतो. घरी प्रेमिला म्हणाली, आता तरी नागपूरले चला. तिलाही थोडा धक्का लागला. मी मुळात शांत माणूस आहे.

२३ नोव्हेंबर, नागपूर
दवाखान्यात नंबर लागेपर्यंत प्रेमिलानं तोंडावरून पदर काढला नाही. आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरांनी तिला पदर बाजूला करायला सांगितला. गाल अजून काळानिळा आहे, डोळ्यापर्यंत सुजलेला. पेशंट तीच समजून त्यांनी तिलाच खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, कधीपासून दुखतं.
मी खुलासा करणार होतो. त्याआधीच ती म्हणाली, वीस तारखेपासून.