तिसरं माप

बाबा, तुझ्या पणतीने काल तुझी मोजायची फीत मागितली, म्हणून हे लिहायला बसले. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यातली मी नव्हे. तू आखातातल्या ज्या देशात नोकरी केलीस, तिथेच तिला नोकरी लागली आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, रडून घर डोक्यावर घेतलं आणि निकाल माझ्यावर सोपवला.

तू तिथल्या शुद्धीकरण कारखान्यात टाक्यांवर चढून तेल मोजायचास. वरून पोलादी फीत सोडायची, टोकाला पितळी वजन. एका सुट्टीवर येताना कामातून बाद झालेली एक फीत तू माझ्यासाठी घेऊन आलास. बाकीच्यांचे बाप अत्तर आणत. मी त्या फितीने न्हाणीतलं पाण्याचं पिंप मोजलं आणि ऐटीत आकडा सांगितला. "एकदाच मोजलंस? मंग तो अंदाज हाय, माप नाय," तू ताटावरून डोकं वर न करता म्हणालास. फीत दोनदा सोडायची, आकडे जुळले तरच लिहायचं, नाही तर तिसऱ्यांदा सोडायची, हा तुझा नियम. चुलीचा धूर डोळ्यांत गेलेली आई म्हणाली, "जेवू दे तिला, तेलवाल्या!" त्यावर तू तिथल्या तेलविहिरींवर जाळून टाकलेल्या वायूच्या ज्वाळांचं सांगू लागलास. "येवरा जाळ फुकट चाललाय. कवातरी कोनतरी यो भरून नेल, बघ."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी करंजा गावच्या होडीवाल्यांकडून लग्नाची मागणी आली. तुझी सुट्टी संपत आलेली. सकाळी तू मला विचारतोस, "लगीन कराचं का कॉलेजान जाचं?" मी म्हणते, लग्न. संध्याकाळी पुन्हा तेच विचारतोस. मी म्हणते, कॉलेज. आई तडकते, "पोरगी हाय ती, टाकी नाय!" तू शांतपणे म्हणतोस, "दोन मापं जुलली नाय. उद्या तिसरं." दुसऱ्या दिवशी मोरा बंदराच्या धक्क्यावर मुंबईची लाँच भोंगा देते आहे, तुझा एक पाय फळीवर, आणि तू ओरडून विचारतोस. मी ओरडते, "कॉलेज!" तू तिथूनच मामाला सांगतोस, "करंज्याला नाय म्हनून कलव."

त्या जाळाबद्दलचं तुझं म्हणणं खरं झालं. तू असताना बरंचसं कच्चं तेल तसंच बोटीत भरलं जायचं. आता तो देश कारखाने वाढवून तयार पेट्रोल-डिझेल बाहेर धाडतो, आणि तो वायू थंड करून, पातळ करून जहाजांतून विकतो. आणखी टाक्या बांधताहेत. त्या वायूच्या मोजणीवर तुझी पणती चालली आहे. मी तिला सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं. दोन्ही वेळा "जाणार, आजी." लेकीला म्हटलं, मापं जुळली, आता डोळे पूस.

एक तुला कधी सांगितलं नाही. मला नक्की काय हवं ते धक्क्यावरही ठाऊक नव्हतं. लाँच सुटत होती, तुला उत्तर हवं होतं, म्हणून तोंडाला आलं ते बोलले. तू ते पक्कं धरलंस. मग मला ते खरं करावं लागलं, आणि करताना आवडलं.

आज सकाळी पणतीच्या हाती दिलं: फीत एक, पितळी वजनासकट, सुरुवातीचे आकडे पुसलेली, फीत पुसायचं फडकं एक, आईच्या जुन्या लुगड्याचं. हे पत्र दिलं नाही.